कान गळालेल्या वासरांचा हिशेब

अमेरिकेच्या कृषी खात्याने १ जानेवारी २०२५ रोजी केलेल्या गणनेत त्या देशातील गोवंशाची संख्या ८ कोटी ६७ लाख भरली. १९५१ नंतरचा हा नीचांक होता. सलग काही वर्षांचा दुष्काळ, महागलेला चारा, चढे व्याजदर आणि कळप विकून निवृत्त होणारे वयस्क पशुपालक ही त्यामागची कारणे सांगितली जातात. त्यातच जिवंत जनावराच्या जखमेत अंडी घालणाऱ्या 'स्क्रूवर्म' माशीच्या भीतीने मेक्सिकोतून येणाऱ्या वासरांना २०२५ मध्ये सीमा बंद झाली. साहजिकच वासरांचे भाव त्या वर्षी विक्रमी पातळीवर गेले, गोमांसाची महागाई हा राजकीय विषय बनला आणि अर्जेंटिनातून आयात वाढविण्यावरून अध्यक्ष व त्यांचेच मतदार असलेले पशुपालक यांच्यात खटका उडाला. या साऱ्या गदारोळात एका जुन्या गळतीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. जन्मल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत थंडीने दगावणाऱ्या, आणि त्याहूनही अधिक, थंडीतून वाचूनही कान, शेपूट वा पाय गमावणाऱ्या वासरांची ही गळती आहे.

नॉर्थ आणि साउथ डाकोटा, मोंटाना, वायोमिंग, नेब्रास्का आणि सीमेपलीकडे कॅनडाचे मॅनिटोबा, सस्कॅचेवान व अल्बर्टा हे प्रांत मिळून उत्तरेचा विस्तीर्ण गवताळ पट्टा होतो. या पट्ट्यातील असंख्य कळपांत गाई विण्याचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल असा असतो. त्या दिवसांत रात्री पारा शून्याखाली वीस-पंचवीस अंशांपर्यंत उतरणे ही तेथे बातमी नव्हे. गाय उघड्या कुरणावर विते. वासरू आईच्या उदरातील एकोणचाळीस अंशांच्या उबेतून एका क्षणात बर्फावर येऊन पडते, आणि येते ते चिंब ओले. हे ओलेपण हाच खरा शत्रू आहे. अंगावरील पाणी वाफ होऊन जाताना शरीराची उष्णता ओरबाडून नेते आणि वाऱ्याची जोड मिळाली की हा वेग कित्येक पटींनी वाढतो. दाट, कोरडे हिवाळी केस असलेली प्रौढ गाय उणे आठ अंशांपर्यंत विशेष कष्टाविना तग धरते. तीच गाय पावसाने भिजली तर पंधरा अंशांखालीच तिला ऊब टिकवण्यासाठी जादा चारा जाळावा लागतो. नवजात वासराला तर कोरडे असतानाही पंधरा अंशांखाली ही झीज सोसावी लागते. निफाडला पारा चार-पाच अंशांवर आला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. त्या गारठ्यात ओले वासरू उघड्यावर राहिले तर त्याच्याही जिवाला घोर असतो, हे दुधाचा धंदा करणारे नाशिककर जाणतात. तेथून आणखी पंचवीस-तीस अंश खाली गेल्यावर काय होत असेल, याची कल्पना त्यावरून करावी.

निसर्गाने वासराला दोन शिदोऱ्या दिलेल्या असतात. एक म्हणजे मूत्रपिंडाभोवती व खांद्यांजवळ साठलेली तपकिरी चरबी. ही चरबी थेट उष्णता निर्माण करते, पण ती असते वजनाच्या सुमारे दोन टक्के आणि काही तासांतच संपते. दुसरी शिदोरी आईच्या कासेत असते. पहिला चीक हा आपल्याकडे खरवसाचा विषय असला तरी वासरासाठी तो एकाच वेळी इंधनही असतो आणि रोगप्रतिकाराची लसही, कारण गाईच्या वारेतून प्रतिद्रव्ये गर्भापर्यंत पोचत नाहीत. ती चिकातूनच मिळवावी लागतात आणि वासराचे आतडे ती जेमतेम चोवीस तास शोषून घेते. वजनाच्या एक दशांश इतका चीक पहिल्या बारा तासांत, आणि त्यातला निम्मा पहिल्या काही तासांत पोटात जावा, असा पशुवैद्यांचा आग्रह असतो. गारठलेल्या वासराची पंचाईत येथेच होते. थंडीने त्याची चोखण्याची प्रेरणाच मंदावते. उभे राहता येत नाही म्हणून पिता येत नाही, पिता येत नाही म्हणून ऊब नाही, ऊब नाही म्हणून उभे राहता येत नाही. या चक्रात सापडलेल्या वासराचे तापमान ३७.८ अंशांखाली गेले की धोक्याची घंटा वाजते आणि ३४ च्या आसपास आले की बाहेरून ऊब दिल्याशिवाय ते वाचत नाही.

हिमदंश होतो तो या झगड्याची किंमत म्हणून. हृदय, मेंदू, फुफ्फुसे यांना ऊब पुरावी यासाठी शरीर टोकाकडच्या रक्तवाहिन्या आवळून घेते. कानाची पाळी, शेपटीचे टोक, मागचे खूर, कालवडीचे सड, गोऱ्ह्याचा वृषणकोश यांचा बळी देऊन गाभा वाचविण्याचा हा व्यवहार असतो. रक्त न पोचलेल्या भागातील पेशींत व पेशींभोवती बर्फाचे स्फटिक तयार होतात. कान पांढरट, थंडगार, पुठ्ठ्यासारखा ताठ होतो आणि त्यात संवेदना उरत नाही. वेदना सुरू होते ती नंतर, बर्फ वितळताना. सूज येते, फोड येतात आणि रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. किती भाग जगणार आणि किती मरणार, याची सीमारेषा उमटायला आठवडा-दोन आठवडे लागतात. मेलेला भाग काळा, कडक, चामड्यासारखा होऊन गळून पडतो. कान वा शेपूट गेली तर वासरू जगते. मागच्या पायाला, खुराच्या वरच्या कडेशी हा दंश झाला तर मात्र काही दिवसांनी खूरच सुटून येतो आणि अशा वासराला वेदनेतून मुक्त करण्यावाचून पशुवैद्याच्या हाती काही उरत नाही.

मागचेच पाय का, या प्रश्नाचे उत्तर वासराच्या बसण्यात आहे. ते पुढचे पाय छातीखाली घेऊन बसते, पण मागचे पाय बाजूला उघडे राहतात. दुभत्या जनावरांच्या गोठ्यांत म्हणूनच पेंढ्याची जाडी मोजण्याची एक साधी पद्धत रूढ झाली. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी ती लोकप्रिय केली. बसलेल्या वासराचे पाय पेंढ्यात पूर्ण दिसेनासे झाले तर तीन गुण, अर्धवट दिसले तर दोन आणि सगळे दिसले तर एक. गोठ्यात वासरू बंदिस्त असते, त्याला जाकीट घालता येते, दूध वाढवून देता येते आणि त्याच्याकडे दिवसातून दोनदा कोणीतरी पाहते. हजारो एकरांच्या कुरणावर यातले काहीच शक्य नसते.

निदानाच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक आहे. गळालेला कान वा काळा पडलेला पाय दिसला की दोष थंडीलाच देण्याची प्रवृत्ती असते. मिसुरी, केंटकी या भागांत 'टॉल फेस्क्यू' नावाचे गवत मोठ्या प्रमाणावर आहे. त्यात वाढणाऱ्या बुरशीचे विष रक्तवाहिन्या आवळते आणि कडाक्याची थंडी नसतानाही जनावरांचे पाय व शेपटीची टोके सडतात. धान्यावरील अरगट बुरशीचा परिणामही असाच. काही जिवाणूंच्या संसर्गानंतरही वासरांचे कान गळतात. हगवण लागून शरीरातील पाणी आटलेले वासरू तर सौम्य थंडीतही हिमदंशाला बळी पडते. तेव्हा गळालेल्या कानाच्या कारणात थंडीचा वाटा बहुधा असतोच. पण तो एकटीचा असेल असे नाही.

उपचार ऐकायला सोपा आणि करायला कठीण आहे. गोठलेला भाग ३८ ते ४२ अंशांच्या पाण्याने हळूहळू उबवायचा, चोळायचा नाही, कोरडा करायचा आणि पुन्हा गोठू द्यायचा नाही. एकदा वितळलेला भाग परत गोठला तर नुकसान दुप्पट होते. आधी अर्थात पूर्ण वासरूच उबवावे लागते. कोमट पाण्याचा टब, हीटर बसवलेली खास पेटी, आणि दोन्ही हाताशी नसतील तेव्हा पिकअप ट्रकच्या पुढच्या सीटखालची गरम हवा, ही तेथली साधने आहेत. फेब्रुवारीत पशुपालकांच्या घरातल्या न्हाणीघरात वासरू असणे यात त्या भागात कोणाला नवल वाटत नाही. कानांसाठी टोपरी निघाली आहेत, लोकरीची, रंगीत. त्यांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर कौतुकाने फिरतात. ती न मिळाल्यास काहीजण चिकटपट्टीने वासराचे कान मानेला चिकटवून ठेवतात. हसू यावे असा हा प्रकार असला तरी त्यामागे रोकडा हिशेब आहे. लिलावाच्या रिंगणात कान तुटके असलेले वासरू उतरले की खरेदीदार भाव पाडतो. एक तर त्या वासराने लहानपणी मोठा ताण सोसला आहे आणि त्याची वाढ खुंटली असण्याचा संभव आहे, असे तो धरून चालतो. दुसरे कारण अधिक व्यवहारी आहे. अमेरिकेत पुष्टीकरण केंद्रांत वाढ जलद करणाऱ्या संप्रेरकांची गोळी कानाच्या मधल्या भागात कातडीखाली बसवतात आणि ओळखीचा बिल्लाही कानालाच टोचतात. कानच नसेल तर दोन्हींची अडचण होते.

मग इतक्या थंडीत गाई विऊ द्यायच्याच कशाला? बाहेरच्या माणसाला पहिला प्रश्न हाच पडतो आणि सगळे अर्थकारण त्याच्या उत्तरात आहे. वासरे ऑक्टोबर-नोव्हेंबरात वजनावर विकली जातात. फेब्रुवारीत जन्मलेले वासरू तोवर आठ महिन्यांचे होते, मे महिन्यातले पाच-साडेपाच महिन्यांचे. वजनातला हा फरक म्हणजे वर्षाच्या एकमेव मिळकतीतला फरक. शिवाय एप्रिल-मेमध्ये पेरणीची घाई असते. ज्यांची शेती आणि जनावरे दोन्ही आहेत त्यांना त्याआधी विण्याचे काम उरकलेले हवे असते. बर्फ गोठलेला असताना जमीन कठीण असते. मार्चअखेरचा चिखल हगवणीला आमंत्रण देतो, असाही युक्तिवाद केला जातो आणि तो अगदीच चुकीचा नाही. वडिलांच्या काळापासून तारीख तीच आहे, हे कारण सहसा कोणी बोलून दाखवत नाही. पण त्याचे वजन कमी नसावे.

उलट बाजूची नोंदही पुष्कळ आहे. नेब्रास्कातील क्ले सेंटर येथील सरकारी संशोधन केंद्राने हजारो वासरांच्या नोंदी तपासून १९९३ मध्ये दाखवले की, कमी तापमानाला पावसाची वा बर्फाची जोड मिळाली की नवजात वासरांची मर वाढते आणि पहिलारू गाईंच्या वासरांना त्याचा फटका अधिक बसतो. त्याच राज्यातील वालुकामय टेकड्यांच्या भागात विद्यापीठाने मार्चमध्ये व जूनमध्ये विणाऱ्या कळपांची तुलना केली. जूनच्या वासरांचे शरदातले वजन कमी भरते, पण आईला साठवलेला चारा फारच कमी लागतो, कारण तिची सर्वाधिक भूक आणि कुरणातले हिरवे गवत यांचा काळ एक होतो. हरणे आणि गवे त्याच सुमारास वितात, याकडे संशोधक हळूच लक्ष वेधतात. कॅनडाच्या गवताळ प्रांतांत विण्याचा हंगाम एप्रिल-मेकडे सरकवणाऱ्यांची संख्या गेल्या काही दशकांत वाढली आहे. मात्र हा उपायही पूर्ण सुरक्षित नाही. नॉर्थ डाकोटात २०२२ साली १२ ते १४ एप्रिल या तीन दिवसांत जे हिमवादळ झाले, त्याने नेमके हंगाम पुढे ढकललेल्या कळपांनाही गाठले. आदल्या वर्षीच्या दुष्काळात चाऱ्याअभावी गाई विकून कळप आधीच आटलेले होते. दहा दिवसांत दुसरे वादळ आले.

वादळांच्या इतिहासाकडे पाहिले तर धोका नेहमी कडाक्याच्या थंडीचाच असतो असे नाही. अवेळी येणारी ओली थंडी अधिक घातक ठरते. साउथ डाकोटाच्या पश्चिम भागात ऑक्टोबर २०१३ च्या पहिल्या आठवड्यात आलेल्या 'अ‍ॅटलस' वादळात आधी तासन् तास पाऊस पडला आणि मग त्यावर बर्फ. गुरे अजून उन्हाळी कुरणांवर, आडोशापासून दूर होती आणि हिवाळी केस आलेले नव्हते. हजारो जनावरे मेली. त्यांत त्या वर्षीची विक्रीला आलेली वासरे होती आणि पुढच्या वर्षीची आईच्या पोटात होती. मार्च २०१९ मध्ये नेब्रास्कात हिमवादळ आणि महापूर एकाच आठवड्यात आले, तेही विण्याच्या ऐन हंगामात. नायोब्रारा नदीवरचे स्पेन्सर धरण १४ मार्चला फुटले. गुरांच्या नुकसानीचा प्राथमिक अंदाज त्या वेळी ४० कोटी डॉलरचा होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये ध्रुवीय थंडी थेट टेक्सासपर्यंत उतरली. ओक्लाहोमा सिटीत १६ फेब्रुवारीला उणे २६ अंशांची नोंद झाली. जेथे अशा थंडीची सवय नाही, आडोसे नाहीत, तेथल्या वासरांचे कान त्या आठवड्यात गेले. या तुलनेत सायबेरियातील याकूत जातीची गुरे लक्षणीय आहेत. ठेंगणी, दाट केसांची, कासेवरही केस असलेली ही जात उणे पन्नास अंश सोसते. पण सोव्हिएत काळात अधिक दुधाच्या हव्यासापायी तिचा इतका संकर झाला की शुद्ध जनावरे आता थोडीच उरली आहेत. अमेरिकी कळपाची निवडही दीर्घकाळ वजनाच्या आकड्यावरच झाली आहे.

१८८६-८७ च्या हिवाळ्याने या प्रदेशातील मुक्त चराईचा जमाना संपवला होता. मोंटाना-डाकोटाच्या मोकळ्या माळांवर चाऱ्याची तजवीज न करता सोडलेली लक्षावधी गुरे त्या एका हंगामात मेली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट यांच्या कळपाचाही मोठा हिस्सा त्यात गेला. त्यानंतर गवत कापून साठवण्याची, कुंपण घालण्याची आणि आडोशाची पद्धत रुळली. म्हणजे व्यवस्था बदलू शकते, हे या प्रदेशाने एकदा पाहिलेले आहे. फक्त तो बदल सर्वनाशानंतर झाला.

आज सर्वनाश होऊ नये म्हणून सरकारी भरपाई आहे. २००८ च्या शेती कायद्याने पशुधन नुकसानभरपाई योजना आणली. हवामानामुळे नेहमीच्या प्रमाणाबाहेर जनावरे मेली तर बाजारभावाच्या ७५ टक्के रक्कम मिळते. 'अ‍ॅटलस' वादळाच्या वेळी मात्र ही योजना दोन वर्षांपूर्वीच मुदत संपून लटकलेली होती आणि वर १ ऑक्टोबर २०१३ पासून संघीय सरकारच टाळेबंदीत होते. मेलेल्या जनावरांची नोंद घ्यायला कार्यालयात माणूस नव्हता. फेब्रुवारी २०१४ च्या कायद्याने योजना कायमची केली आणि मागील नुकसानीलाही लागू केली. त्यामुळे अनेक कळप तगले, हे मान्य केले पाहिजे.

परंतु या योजनेची रचना पाहिली तर हिमदंश तिच्या चौकटीत जवळजवळ बसतच नाही, हे ध्यानात येते. ती प्रामुख्याने मरणाची भरपाई करते. दर वजनाच्या गटावर ठरतो. त्यामुळे दोन दिवसांच्या वासराला मिळणारी रक्कम ऑक्टोबरातल्या त्याच्या किमतीच्या जवळही जात नाही. हिवाळी वादळ म्हणून मान्यता मिळायची तर ते सलग तीन दिवस टिकले पाहिजे. वासराचा कान जायला एक रात्र पुरते. २०१८ मध्ये जखमी होऊन कमी भावात विकलेल्या जनावरांचाही समावेश झाला, पण विक्री घटनेनंतर तीस दिवसांत झाली पाहिजे, अशी अट आहे. फेब्रुवारीत कान गमावलेले वासरू महिन्याभरात कोण विकणार? ते आईला पीत असते. त्याचा भाव पडतो तो आठ महिन्यांनी, आणि तोवर कागदोपत्री त्याला काही झालेलेच नसते. २०२५ मध्ये झालेल्या बदलानंतर लांडग्याने वा अन्य हिंस्र श्वापदाने मारलेल्या जनावराची पूर्ण किंमत मिळू लागली. हवामानाने मारलेल्याची मात्र ७५ टक्केच राहिली. लांडगा हा पश्चिमेकडील राज्यांत निवडणुकीचा विषय आहे. थंडी नाही.

भरपाईच्या पैशापेक्षा स्वस्त उपाय अनेक आहेत आणि त्यांतले काही आश्चर्यकारक वाटावेत इतके साधे आहेत. मॅनिटोबातील गस कोनेफाल या पशुपालकाने १९७० च्या दशकात गाभण गाईंना उशिरा रात्री चारा टाकायला सुरुवात केली. त्याच्या बहुतेक गाई दिवसा विऊ लागल्या. पुढे आयोवात झालेल्या चाचण्यांतही संध्याकाळच्या चाऱ्याने हाच परिणाम दिसला. दिवसा विणे म्हणजे काही अंश अधिक ऊब आणि जवळपास जागा माणूस. वाऱ्याचा आडोसा भिंतीसारखा भरीव नको, सुमारे पंचमांश फटी ठेवलेला हवा, म्हणजे वारा वरून उसळून मागे बर्फाचा ढीग घालत नाही. अशा फळ्यांच्या मागे उंचीच्या आठ-दहा पट अंतरापर्यंत जनावरांना निवारा मिळतो. नेब्रास्का विद्यापीठाने रुजवलेल्या पद्धतीत व्यालेल्या गाई-वासरे मागे ठेवून न व्यालेल्या गाभण गाई दर आठवड्याला स्वच्छ कुरणावर हलवतात. हेतू हगवण रोखण्याचा, पण धडधाकट वासरू थंडीलाही पुरून उरते. यांपैकी कशालाही मोठा खर्च नाही. लागतात ती माणसे, आणि नेमकी तीच तेथे कमी होत आहेत. दोनशे गाईंच्या कळपावर रात्रभर दर दोन तासांनी फेरी मारणारा मुलगा शहरात गेला आणि त्याचे साठीतले वडील तीच फेरी तीन वेळांऐवजी एकदा मारू लागले, तर त्याची नोंद हवामान खात्याकडे होत नाही.

वासरे महाग झाली की त्यांची निगा वाढेल, असे अर्थशास्त्र सांगते आणि ते काही अंशी खरेही ठरेल. हजारो डॉलरला विकल्या जाणाऱ्या वासरासाठी रात्र जागणे परवडते. पण चढा भाव दुसऱ्या बाजूनेही खेचतो. दर पौंडाला भाव जितका जास्त, तितके फेब्रुवारीच्या वासराचे जादा वजन अधिक मोलाचे आणि हंगाम मेकडे ढकलण्याचा मोह तितकाच कमी. हा निर्णय थंडीत घेतलाही जात नाही. गाईचा गर्भकाळ सुमारे २८३ दिवसांचा. मे महिन्यात वासरू हवे असेल तर वळू ऑगस्टमध्ये कळपात सोडावा लागतो आणि फेब्रुवारीअखेर हवे असेल तर मे महिन्यात, कुरणे हिरवी असताना आणि गेल्या हिवाळ्यातल्या कान गेलेल्या वासरांना अजून खरेदीदाराने पाहिलेले नसताना.